चौथा बाईट शेजाऱ्याचा

प्रिय राजे,

फोन न करता पत्र लिहितेय याचं कारण सरळ आहे. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतोस आणि मागे कीबोर्ड बडवत बसतोस. मी बोलायची थांबले की बघतो आई, एवढं म्हणतोस. मागच्या रविवारी मी मुद्दाम सांगितलं की स्वयंपाकघरात हत्ती शिरलाय, तरी तू बघतो आई म्हणालास. कागदाला स्पीकर नसतो, तेव्हा आता निमूट वाच. तुमच्या कंपनीत एका बाईची नोकरी जायची वेळ आलीय, आणि ती तुझ्यामुळे जातेय. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, कारण पहिल्या परिच्छेदापुढे वाचायची तुला सवय नाही.

बाकी इकडचं ठीक. मावशीचं दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं आणि म्हणून सगळ्यांच्या घरातली धूळ दिसते. आली की बोट फिरवून बघते. लिफ्ट बंद आहे. दुरुस्तीवाला येतो, बटणं दाबतो, मान हलवतो आणि जातो. तुमच्या ऑफिसात लगेच मोठ्या पदावर लागेल. तर अशी लिफ्ट बंद असताना ती बाई तीन जिने चढून माझ्याकडे आली. तुम्ही लोक तिला मागून चिवटबाई म्हणता ना, तीच. पेशंटला थेंबथेंब औषध सोडणाऱ्या पंपाच्या प्रोग्रॅमवर काम करणारी. दारात उभी राहून धापा टाकत होती आणि तशातही आधी मला वेळ आहे का ते विचारत होती. तुला एवढ्या पगारात जे जमलं नाही ते हिला धापा टाकताना जमतं.

तिला माझा पत्ता कुणी जुन्या माणसाने दिला. त्या पंपात जी चिप आहे तिचा कंपायलर मी लिहिला होता, हे अजून कुणाच्या तरी लक्षात आहे म्हणायचं. तू तेव्हा दुसरीत होतास. शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून डबा खायचास. त्या चिपला जागा म्हणशील तर काडेपेटीएवढी. थेंब मोजायला दोन बाईट पुरेनात, चार परवडेनात. म्हणून मी तीन बाईटचा पूर्णांक काढला. चोवीस बिटांचा. लोक हसले. आकडा असा असतो का, दोनाचा, चाराचा, आठाचा असावा, म्हणाले. मी म्हटलं, चपला पायाच्या मापाने घेतात, दुकानातल्या खोक्याच्या नाही. तो आकडा इतकी वर्षं निमूट थेंब मोजतोय. एकदाही चुकला नाही. त्याला कधी पदोन्नतीही मागावीशी वाटली नाही.

बसून पाणी प्यायली आणि तिची नजर भिंतीवरच्या तुझ्या पदवीदानाच्या फोटोवर गेली. तो काळा झगा आणि ती मान. मग उठली, पर्स उचलली, म्हणाली की मॅडम, मला माहीत नव्हतं, माफ करा, मी निघते. ऑफिसात मी माहेरचंच नाव लावत होते, तिला कुठून कळणार. मी तिला दंडाला धरून बसवलं. चहा टाकला. दुसऱ्या कपाला मॅडमची काकू झाले, आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मला तुझी लाज वाटली. स्पष्टच लिहिते. लाज वाटली.

तू जाणतोस तेच सांगते, पण माझ्या शब्दांत, कारण तुझ्या शब्दांत ते फार सभ्य वाटतं. कंपायलर माणसाने लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवून प्रोग्रॅम बनवतो तेव्हा बरोबर एक नकाशा बनवतो: कुठला आकडा कुठल्या घरात राहतो आणि किती बाईट रुंद आहे. डीबगर तो नकाशा वाचतो आणि चालू प्रोग्रॅममधले आकडे खिडकीत दाखवतो. माझा कंपायलर जुन्या पद्धतीचा नकाशा काढतो, तुमचा नवा चकचकीत डीबगर दुसऱ्या पद्धतीचा वाचतो. मध्ये टूल्सचे प्रमुख राजेसाहेब यांचा कन्व्हर्टर, एका पद्धतीचा नकाशा दुसऱ्या पद्धतीत लिहून देणारा. नव्या पद्धतीत तीन बाईटच्या पूर्णांकाला नावच नाही. मग राजेसाहेबांनी काय करावं? अनोळखी माप दिसलं की वरचं जवळचं माप लिहून टाकावं! तीन दिसले, चार लिहा. झालं काम, चला जेवायला.

आता तो चौथा बाईट काय आकाशातून पडला? तो शेजाऱ्याचा. थेंबांच्या आकड्याला लागून गजराचा आकडा राहतो. पंपाचा गजर किती वेळा वाजला ते तो मोजतो. गजर वाजला नाही तोवर तिथे शून्य, आणि तुझी खिडकी अगदी बरोबर दिसते. म्हणून तुमच्या सगळ्या टेस्ट हिरव्यागार. पण गजर एकदा वाजला की शेजारच्या घरात एक येतो, आणि तुझी खिडकी त्या एकाला थेंबांच्या डोक्यावर बसवून एक कोटी सदुसष्ट लाखांनी आकडा फुगवते. प्रोग्रॅमला काही झालेलं नसतं. थेंब बरोबर मोजले जात असतात. खोटं बोलते ती फक्त खिडकी.

चिवटबाईने ते बघितलं. गजर वाजला की थेंबांचा आकडा बिघडतो, असंच कुणालाही वाटलं असतं. तरी तिने घाई केली नाही. तुमच्या भर मीटिंगमध्ये उभी राहून तिने सांगितलं की आकडा दर गजराला तेवढाच फुगतो, आणि विचारलं की खिडकीवर विश्वास ठेवायचा ना, नकाशा बरोबर आहे ना. आणि तू हसलास. असं म्हणालास म्हणे की खिडकी आरसा असते, तोंड वाकडं असेल तर आरसा पुसून काय उपयोग. बाकीचेही हसले, कारण साहेब हसले की हसायचं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! ती खाली बसली. आणि साहेबांच्या शब्दावर विसंबून तिने बरोबर असलेला प्रोग्रॅम दुरुस्त केला. गजर वाजला की थेंबांचा आकडा, शेजारच्या आकड्यासकट, जुन्या साठवलेल्या आकड्यांवरून पुन्हा घ्यायचा, अशी चार ओळींची भर. खिडकी सरळ दिसायला लागली, पण प्रत्येक गजरानंतर पंप मधले थेंब विसरायला लागला आणि दिलेलंच औषध पुन्हा द्यायला लागला.

रुग्णालयात चाचणीला लावलेल्या पंपावर हे उघडकीला आलं, तेही तुमच्यातल्या कुणाच्या हुशारीने नाही. एका नर्सने पिशवीकडे बघितलं, ती वेळेआधी रिकामी होतेय हे तिला दिसलं, तिने नळी बंद केली. पेशंट वाचला. तुमच्याकडे चौकशी समिती बसली. त्या चार ओळी कुणी लिहिल्या? चिवटबाईने. संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मूग गिळून बसलाय. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, नवऱ्याचं दुकान बसलंय, आणि औषधाचा पंप बिघडवणारी बाई असा शिक्का घेऊन तिला दुसरीकडे कोण उभं करणार? हे तिने रडून नाही सांगितलं. चहाचा कप धुऊन ठेवता ठेवता सांगितलं. मी नको म्हणत असताना धुतला तिने.

ती गेल्यावर मी दोन दिवस तुझ्या बाजूने भांडले. स्वतःशीच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, मी काही या म्हणीच्या वर नाही. म्हटलं, पोराला ठाऊक नसेल. तीन बाईटचा आकडा असतो हेच कुणी सांगितलं नसेल. मग आठवलं की सांगितलं होतं. मीच. मागच्या खेपेला तू आलास, तो तुझा कन्व्हर्टर माझ्या लॅपटॉपवर चढवलास, कसा पळतो ते दाखवलंस. मी चष्मा लावून पहिलाच प्रश्न काय विचारला? माझ्या तीन बाईटवाल्याचं काय करतोस. तू माझ्या खांद्यावर थोपटलंस. थोपटलंस, राजे! म्हणालास की आई, आता ते कोण वापरतं. आणि सोळा बाईटचा अगडबंब पूर्णांक कसा दोन तुकड्यांत बसवला ते दाखवायला लागलास, कारण तो एका बड्या गिऱ्हाइकाला हवा होता. मोठ्याला दोन खोल्या दिल्यास आणि लहान्याला सांगितलंस, जा शेजाऱ्याच्या अंथरुणात पाय पसर.

तरी मी मान्य करेना. म्हाताऱ्या बाईने ऐकीव गोष्टीवर मुलाला दोषी ठरवू नये म्हटलं. डब्यांच्या कपाटात वरच्या फळीवर त्या चिपचा जुना बोर्ड पडलाय, तो काढला. स्टुलावर चढले होते, हो, आणि गुडघ्याला पट्टा लावला होता, तेव्हा त्यावरून बोलू नकोस. स्वयंपाकाच्या टेबलावर वायरी पसरल्या. आधी नळाखाली बादली सरकवली, तो अजून गळतोच आहे. तुझाच कन्व्हर्टर, तुझीच खिडकी. थेंब मोजायचा छोटा प्रोग्रॅम, शेजारी गजराचा आकडा. गजर शून्य: सगळं साजूक. गजर एक: एक कोटी सदुसष्ट लाख आणि वर चिल्लर. मग मी खिडकीला विचारायचं सोडून बोर्डालाच विचारलं, बाईट एकेक करून वाचले. माझे तिन्ही बाईट जागेवर होते, आपापलं काम करत होते. मावशी तेवढ्यात आली, हे काय पसरलंयस म्हणाली. मी म्हटलं, लेकाची कर्तबगारी. ती म्हणाली, दाखव की. तिला वाटलं फोटो आहेत.

ही चूक मला नवी वाटली नाही, हेच वाईट. तुला शाळेत पेपर कोरा सोडायला आवडायचं नाही. तुझे बाबाच शिकवायचे की येत नसेल तरी काहीतरी लिहून ये, अर्धा मार्क तरी पडेल. पडायचाही. चौथीत नदीचं नाव आलं नाही तेव्हा तू शेजारच्या नदीचं नाव लिहून आलास आणि बाईंनी शुद्धलेखनाचा अर्धा मार्क दिला. घरभर नाचलास. त्या अर्ध्या मार्कावर तू आजवर जगतोयस. माहीत नाही, हे दोन शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकलेले नाहीत. आणि आता तुझा कन्व्हर्टरही तसाच निघाला. विचारलं की उत्तर तयार, खरं की खोटं ते नंतर बघू, तोवर पिशवी रिकामी.

आणि उपाय काय अवघड होता? नव्या पद्धतीत तीन बाईटच्या पूर्णांकाला नाव नसेल, पण तीन सुटे बाईट दाखवायला कुणी हात धरला होता? किंवा मोठ्या खणातले फक्त चोवीस बिट वाच असं सांगता येतं, तेही तुझ्या त्या नव्या पद्धतीच्याच पुस्तकात लिहिलंय, मी वाचलं. तेही नको तर सरळ लिहायचं की हे माप मला सांगता येत नाही. खिडकीत रिकामी जागा दिसली असती. चिवटबाईने रिकामी जागा बघून एकही ओळ लिहिली नसती, ती उठून तुझ्या केबिनमध्ये आली असती. पण रिकामी जागा कुरूप दिसते ना, गिऱ्हाईक नाक मुरडतं. तुझं ते व्यासपीठावरचं भाषण मी बघितलं बरं का. कानाला चिकटवलेला माईक, पांढरे बूट, आणि मागे भिंतीएवढ्या अक्षरांत, कुठलाही प्रकार अडणार नाही. टाळ्या काय, शिट्ट्या काय! एकाही शहाण्याने विचारलं नाही की अडायला हवा तिथे अडला नाही तर काय होतं. उंटावरचे शहाणे एकत्र जमले की त्याला परिषद म्हणतात, हे मला या वयात कळलं.

तू म्हणशील, मी मुद्दाम केलं नाही. अरे, मुद्दाम केलं असतंस तर निदान डोकं लावलं असतंस. चूक कुणाची होत नाही? मला तुझ्या चुकीचा राग नाही. ती बाई समितीपुढे उभी राहून उत्तरं देतेय आणि तू त्याच इमारतीत यंत्रातली कॉफी पितोयस, याचा राग आहे. गजर वाजला की आकडा ठरावीकच फुगतो, प्रत्येक वेळी तेवढाच, हे तिच्या तोंडून ऐकल्याबरोबर तुला कळलं असणार. मूर्ख नाहीस तू. मूर्ख असतास तर मी हे पत्र लिहिलं नसतं, खाऊ पाठवला असता.

मागे बाबा रुग्णालयात होते तेव्हा त्यांच्या पलंगाशेजारी असाच पंप होता. तू येणाऱ्याजाणाऱ्याला, डॉक्टरांना, झाडूवाल्या मावशींनाही सांगत सुटला होतास की यातले थेंब माझी आई मोजते. बाबा हसायचे, त्यांना हसताना खोकला यायचा, तरी हसायचे. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, राजे. नवरा जाणार हे ठाऊक असताना इतकं बरं वाटू नये असं मनात आलं, इतकं. तो मुलगा मला आवडत होता. आता जो केबिनमध्ये बसतो तो मला आवडत नाही. आईला असं लिहिता येतं का, कुणास ठाऊक. लिहिलं खरं.

परवा तुमच्या समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. माहेरच्या नावाने मॅडम, मॅडम करत होते. मी तुझी कोण हे त्यांच्या गावीही नाही. त्या चिपची जाणकार म्हणून बाहेरचं मत हवंय, निव्वळ उपचार आहे, निर्णय जवळपास झालेलाच आहे, असं गोड आवाजात सांगितलं. वर हेही की टूल्सच्या प्रमुखांनी स्वतः ग्वाही दिलीय, कन्व्हर्टरमध्ये काहीही दोष नाही. म्हणजे तू नुसता गप्प बसला नाहीस. तोंड उघडलंस आणि त्या बाईला ढकललंस. मी त्यांना हो म्हटलं. सोमवारी अकराला मला बोलावलंय, मी बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन येणार आहे आणि टेबलावर मांडून दाखवणार आहे. कन्व्हर्टर कुणाचा विचारलं तर नाव सांगणार, तो माझा कोण विचारलं तर तेही सांगणार. म्हणून हे पत्र. तू दहा वाजता त्या खोलीत जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. तू सांगितलंस तर अकराला मला बोलायला काही उरणार नाही, मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर तुझी आई म्हणून बसेन आणि ते तुला काय बोलतील ते तुझ्याबरोबर ऐकेन. नाही सांगितलंस तर मी समोरच्या खुर्चीवर बसेन.

तुझीच,
आई